खाऱ्या वाऱ्यातली जुनी पिकअप: काचा धुण्याच्या धंद्यासाठी गाडी कशी पारखावी

रत्नागिरी ते गणपतीपुळे या पट्ट्यातली हॉटेलं, शोरूम आणि मुंबईकरांचे बंगले यांच्या खिडक्या-काचा धुणं हा माझा धंदा. त्यासाठी आजवर दोन जुन्या पिकअप घेतल्या. पहिली घेताना मी फसलो आणि दुसरी घेताना विकणाऱ्याला घाम फोडला. हे लिखाण त्या दोन्हींच्या मधल्या काळात शिकलेलं आहे.

"टाकी-पंपासकट तयार गाडी, उद्यापासून कामाला लागा" अशी जाहिरात मोबाईलवर दिसली की हात शिवशिवतात. थांबा. आपल्याकडे अशी गाडी घेताना दोन प्रकारचं पाणी तपासायचं असतं. एक म्हणजे गाडीला बाहेरून लागलेलं खारं पाणी, दुसरं म्हणजे तिने पाठीवर वाहिलेलं गोडं पाणी. पहिलं पत्रा खातं, दुसरं पाटे (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि ब्रेक खातं. टाकी, पंप, नळीचं रीळ हे सगळं त्यानंतर.

टाकी खरंच लागते का?

तळमजल्यावरची दुकानं, एकमजली घरं, बँकेची काचेची दारं एवढंच काम असेल तर बादली, रबरी वायपर आणि शिडी पुरते. त्याला गाडी कशाला, स्कूटर चालते. टाकीची पिकअप लागते ती दोन-तीन मजली हॉटेलांसाठी. तिथे खाली जमिनीवर उभं राहून लांब दांड्याच्या ब्रशने काच घासायची असते, ब्रशला नळीतून शुद्ध पाणी येत असतं, आणि काच न पुसता तशीच सुकू द्यायची असते. पाण्यात क्षार नसतील तरच ती डाग न पडता सुकते. म्हणून गाडीत किंवा घरी आरओ आणि रेझिनचा (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचा) फिल्टर लागतो.

आता हिशोब करा. एका दांड्याला मिनिटाला साधारण दीड-दोन लिटर पाणी जातं. दिवसभरात ब्रश काचेवर असतो तो चारेक तास, बाकीचा वेळ नळी ओढण्यात आणि मालकाशी बोलण्यात जातो. म्हणजे एका माणसाला ४०० ते ५०० लिटर पाण्यात दिवस निघतो. एक लिटर म्हणजे एक किलो. म्हणजे पाण्याचंच वजन अर्धा टन. टाकी, लोखंडी चौकट, बॅटरी, रीळ, शिडी मिळून आणखी सव्वाशे-दीडशे किलो धरा. २००५ साली आलेला टाटा एस, आपला छोटा हत्ती, ७५० किलो मालासाठी बनलेला आहे. तो यात कसाबसा बसतो. पण बाजारात अशाच छोट्या गाड्यांवर लोखंडी पिंजऱ्यातली १,००० लिटरची टाकी ठेवलेली दिसते. विकणारा ती अभिमानाने दाखवतो. ती टाकी एकदाही पूर्ण भरली असेल तर त्या गाडीच्या मागच्या पाट्यांनी काय सोसलं ते तुम्हीच ओळखा.

गाडीचं पूर्वायुष्य

पिकअप कोकणातली असेल तर काच धुण्याआधी तिने बहुधा तीनपैकी एक जन्म काढलेला असतो: मासळी, आंबा किंवा चिरा.

मासळीची गाडी सगळ्यात वाईट. मिरकरवाड्याला किंवा हर्णे बंदरात बघा, बर्फ वितळून खारं पाणी हौद्यातून चेसिसवर ठिबकत असतं. दोन वर्षांत आतून सडलेली गाडी वरून रंग मारून विकायला येते. तिला ओळखायचं नाकाने. दुपारी बारानंतर, गाडी उन्हात तापलेली असताना हौद्यात उकिडवे बसा आणि फाळक्याच्या बिजागरीजवळ वास घ्या. फिनेलने धुतली असली तरी सांध्यातला वास जात नाही. फिनेलचाच वास फार येत असेल तर तेही उत्तरच.

चिऱ्याची गाडी गंजलेली नसते, मोडलेली असते. जांभ्याचे दगड खाणीतून कच्च्या रस्त्याने काढताना कोणी वजन करत नाही. सपाट जागी गाडी उभी करून मागून बघा: एक बाजू बसलेली आहे का, पाटे उलटे वाकलेत का, पाट्यांची संख्या वाढवलीय का. मालक म्हणेल, "एक्स्ट्रा पाटा टाकलाय, मजबूत केलीय." पाटा वाढवल्याने चेसिस, ॲक्सल आणि ब्रेक मजबूत होत नाहीत.

आंब्याची गाडी मिळाली तर नशीब. वर्षातले दोन-तीन महिने वाशीच्या फेऱ्या, किलोमीटर जास्त, पण पेट्यांचं वजन बेताचं आणि हौदा कोरडा.

चौथा प्रकार चिपळूण, महाड भागातल्या गाड्यांचा: पुरात बुडालेल्या. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा गाड्याही पाण्याखाली गेल्या. त्याआधी नोंदणी झालेली कुठलीही गाडी त्या बाजूची असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहते. सीटखालच्या स्प्रिंगा, फ्यूजबॉक्सचे कोपरे, हेडलाईटची आतली बाजू हेही बघा. सीटकव्हर नवीन आणि सीटखालचं लोखंड तांबूस असेल तर चहा पिऊन घरी या.

मुंबई, पुणे किंवा गोव्याकडून आलेल्या गाड्याही इथे खूप फिरतात. पुण्याची गाडी गंजाच्या बाबतीत उजवी. गोव्याच्या नोंदणीची स्वस्त मिळते, पण एनओसी, पुन्हा नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर धरल्यावर ती स्वस्त राहते का हे आधी कागदावर मांडा.

गाडीखाली झोपा

जुने कपडे घाला, टॉर्च, जाड स्क्रू ड्रायव्हर आणि छोटी हातोडी घ्या. पावसात किंवा धुतलेली गाडी बघायला जाऊ नका; ओला गंज आणि ओला चिखल सारखेच दिसतात.

चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्यांवर पुढून मागे हातोडीने हलकं ठोकत जा. चांगलं लोखंड ठण् वाजतं. सडलेलं बद् वाजतं आणि खपल्या तोंडावर पडतात. जिथे आवाज बदलला तिथे स्क्रू ड्रायव्हर रोवून बघा. मग हौद्याखालचे आडवे बार, पाटे अडकवलेली ब्रॅकेटं, डिझेल टाकीचे पट्टे, आणि सगळ्यात महत्त्वाच्या मागे जाणाऱ्या ब्रेकच्या बारीक नळ्या. त्या लोखंडी असतात आणि खाऱ्या हवेत बाहेरून खाल्ल्या जातात. नळीवर खडबडीत फोड आले असतील तर ती बदलायचा खर्च भावातून काढायचा, आणि बदलेपर्यंत गाडी घाटात न्यायची नाही.

ताजा काळा रंग दिसला की संशय घ्या. उलट, जळक्या ऑईलचा आणि धुळीचा जुना, जाड, ओंगळ थर दिसला तर मला बरं वाटतं. दर पावसाळ्याआधी चेसिसला जळकं ऑईल फासणारा मालक गाडीवर जीव असलेला असतो. दिसायला घाण, पण खाली लोखंड शाबूत.

पहिल्या गाडीला मी खाली वाकलोच नव्हतो. टाकीची चौकट हौद्याच्या पत्र्याला चार बोल्टांनी आवळली होती, वरून छान दिसत होती. निवळी घाट उतरताना, टाकी अर्धी भरलेली, समोर एसटी थांबली म्हणून ब्रेक मारला. गाडी थांबली. मग मागचं पाणी पुढे आलं, गाडी पुन्हा हातभर सरकली, आणि कड् असा आवाज झाला. उतरून बघतो तर चौकट केबिनला टेकलेली आणि चारही बोल्ट पत्र्याच्या गोल चकत्या घेऊन वर आलेले. पत्रा बिस्किटासारखा झाला होता. एसटीच्या मागच्या काचेतून एक आजोबा शांतपणे माझ्याकडे बघत होते, ते अजून आठवतं.

म्हणून बोल्ट कुठे गेलेत ते खालून बघायचंच. चौकट हौद्याखालच्या आडव्या बारांना, खालून जाड पट्टी देऊन आवळलेली हवी. चेसिसच्या मुख्य पट्टीला भोकं पाडून किंवा वेल्डिंग मारून बसवलेली असेल तर ती गाडी मी घेत नाही, कितीही स्वस्त असो. पट्टी तिथूनच तडकायला लागते.

इंजिन थंड, गाडी भरलेली

येण्याआधी गाडी सुरू करू नका असं फोनवर बजावा, आणि पोचल्यावर बॉनेटला किंवा सीटखालच्या इंजिनाला हात लावून बघा. थंड इंजिन एका सेल्फला सुटलं पाहिजे. सुरुवातीचा थोडा धूर चालतो. निळा धूर गरम झाल्यावरही राहिला तर इंजिन ऑईल खातंय. पांढरा थांबेना आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्या. चालू इंजिनावर ऑईलचं झाकण काढा. धूर फुरफुरत बाहेर मारत असेल तर इंजिनाचं मोठं काम निघालंय.

मग टाकी पूर्ण भरायला लावा. इथे विकणारे कुरकुरतात. कुडाळला एकजण मला म्हणाला, "पाणी कित्याक भरूक होया? गाडी एकदम बरी आसा." बरी असेल तर भरायला हरकत काय? रिकामी पिकअप सगळ्यांचीच पळते. भरलेल्या गाडीने जवळचा घाट चढा. चढावर थांबा, हँडब्रेक ओढा, पाय ब्रेकवरून काढा. गाडी जागची हलता कामा नये. पहिल्या गिअरमध्ये उचलताना गाडी थरथरली किंवा जळका वास आला तर क्लच प्लेट संपलीय. उतारावर खालच्या गिअरमध्ये उतरा आणि ब्रेक दोन-चारदा दाबून बघा, गाडी एका बाजूला ओढते का. स्टिअरिंग हलकं, तरंगल्यासारखं वाटलं तर टाकी फार मागे बसवलीय. वजन मागच्या ॲक्सलच्या किंचित पुढे हवं, फाळक्याला टेकलेलं नको.

सीएनजीची गाडी असेल तर सिलिंडरची तीन वर्षांनी होणारी चाचणी कधी झाली ते त्याच्या पट्टीवर बघा. सिलिंडरचे पट्टेही गंजतात.

बसवलेलं सामान

आधी ते नक्की कशासाठी बसवलंय ते ओळखा. आपल्याकडे "क्लीनिंगची गाडी" म्हणून विकायला येणाऱ्या बऱ्याच गाड्या दारोदार मोटारी धुणाऱ्यांच्या असतात. त्यांचा पंप जोरदार फवाऱ्याचा असतो. तो खिडकीवर मारला की सरकत्या तावदानांच्या खाचेतून पाणी थेट दिवाणखान्यात. काचेसाठी १२ व्होल्टचा लहान डायफ्रॅम पंप लागतो. तेव्हा त्या दांडग्या पंपाचे आणि तो चालवणाऱ्या इंजिनाचे पैसे देऊ नका. ठेवायचे असतील तर भंगाराच्या भावात ठेवा.

पंप बरोबर असेल तर चालू करून बादली आणि घड्याळ घ्या. दांड्याच्या टोकाला, दांडा पूर्ण उभा करून, मिनिटाला किती पाणी येतं ते मोजा. खाली जमिनीवर मोजलेला आकडा फसवतो.

पाणी तपासायला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) स्वतःचा न्या. टाकीत शिरणारं आणि ब्रशमधून येणारं, दोन्ही मोजा. ब्रशचं पाणी दहाच्या आत हवं. त्यावर गेलं की काचेवर ठिपके दिसू लागतात. पण ब्रशला शून्य आलं म्हणून हुरळू नका. विकणाऱ्याने कालच नवं रेझिन भरलेलं असू शकतं. खरा प्रश्न हा की तुमच्या पाण्याला ते किती दिवस टिकेल. पावसाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी इतकं हलकं असतं की रेझिन संपता संपत नाही. मे महिन्यात किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात, टीडीएस कित्येक पटीने चढतो, आणि रेझिन त्याच प्रमाणात लवकर संपतं. म्हणून किनाऱ्याजवळ राहत असाल तर रेझिनच्या आधी आरओ लागतोच. आरओ बरंच पाणी फेकून देतो, तेव्हा तो गाडीत असण्यापेक्षा घरी, रात्री टाकी भरताना चालवलेला बरा. गाडीतल्या आरओला म्हणून मी फार किंमत देत नाही. त्यातून गाडी महिनोन् महिने उभी असेल तर आरओचा गाळणारा पडदा सुकून वाया गेलेला असतो. त्याची किंमत शून्य धरा.

जांभ्याच्या पाण्यात लोह असतं ते वेगळंच. पांढऱ्या बादलीत पाणी रात्रभर ठेवा. सकाळी तळाला नारिंगी साका दिसला तर ते पाणी फिल्टरात घालण्याआधी लोह काढणारी व्यवस्था हवी. नळपाण्यात क्लोरीन असतं, त्याला आधी कार्बन फिल्टर, नाहीतर पडदा खराब होतो.

वायरिंग उघडून बघा. बॅटरीपासून पंपाकडे जाणाऱ्या तारेला फ्यूज नसेल तर ती गाडी म्हणजे चालती काडेपेटी. तारेचं टोक सोलून बघा, तांबं आतून हिरवं-काळं असेल तर सगळी वायरिंग बदलायची तयारी ठेवा.

दांड्याचा प्रत्येक जोड उघडून-मिटून बघा, वाळू गेलेली असेल तर लगेच कळतं. आणि एक गोष्ट जीवावरची आहे: कार्बन फायबरचा आणि ॲल्युमिनियमचा, दोन्ही दांड्यांतून वीज जाते. आपल्याकडे माडांच्या झावळ्यांतून विजेच्या तारा गेलेल्या असतात आणि वर बघताना सूर्य डोळ्यांवर असतो. तारेजवळचं काम असेल तर ते दांड्याने करायचंच नाही.

वजनकाटा

हे कोणी करत नाही आणि सगळ्यात स्वस्त परीक्षा हीच. टाकी पूर्ण, सामान चढवलेलं, तुम्ही आणि मदतनीस बसलेले, अशी गाडी जवळच्या काट्यावर घाला. पूर्ण गाडीचं एक वजन आणि फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून दुसरं. आरसीवर गाडीचं कमाल एकूण वजन लिहिलेलं असतं, त्याच्याशी पावती ताडून बघा. जास्त भरलं तर सौदा तिथेच थांबवा किंवा टाकी लहान करण्याचा खर्च कापून घ्या. ओव्हरलोडचा दंड कायद्यात २०,००० रुपयांपासून सुरू होतो, पण मला दंडापेक्षा निवळीचा उतार जास्त आठवतो.

टाकी मोठी असली तर अर्धी भरून चालवू, असा विचार करू नका. आत पाणी अडवणाऱ्या आडव्या पट्ट्या नसलेल्या टाकीत अर्धं पाणी सगळ्यात वाईट डोलतं. मोठी टाकी अर्धी भरण्यापेक्षा लहान टाकी काठोकाठ भरलेली बरी.

कागद

एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की पासिंग (गाडीची फिटनेस तपासणी), विमा, बोजा (गाडीवरचं कर्ज) हे दिसतं. ई-चलन कुठली थकली आहेत तेही ऑनलाईन कळतं. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंग असतं. पासिंग पुढच्या महिन्यात संपत असेल तर विकणाऱ्याला करून द्यायला सांगा. त्यातच गाडीची अर्धी परीक्षा होते.

चेसिस नंबर स्वतः हात फिरवून वाचा. किनाऱ्यावरच्या गाड्यांत तो गंजून पुसट होतो आणि मग पासिंगला गाडी अडते. वाचता येत नसेल तर पुन्हा ठोकून घेण्याची आरटीओची परवानगी विकणाऱ्याने काढायची, तुम्ही नाही.

बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली गाडी असेल, समजा एमएच-०७ ची एमएच-०८ मध्ये आणताय, तर तिथे आणखी काय कागद मागतात ते आधी विचारून ठेवा. परराज्यातल्या गाडीला फॉर्म २८ ची एनओसी लागतेच. तुम्ही घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. बोलेरो पिकअपची काही मॉडेलं त्याच्या वर जातात, तिथे विचारा. लायसन्सची मात्र काळजी नको: हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय.

विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायला टाका. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तुम्हाला मिळत नाही. टाकी-पंपाची किंमत पॉलिसीत आपोआप येत नाही, ती लिहून घ्या. चौकट कायमची जोडलेली असेल आणि आरसीवर नोंद नसेल तर ते कायद्याने बदल केलेलं वाहन ठरू शकतं. बोल्ट खोलून उतरवता येणारी चौकट म्हणूनही बरी.

भाव

एकत्र आकडा ऐकूच नका. आधी टाकी-पंप नसलेल्या, त्याच वर्षाच्या, त्याच मॉडेलच्या गाडीचा आपल्या भागातला भाव काढा. त्यातून ब्रेकनळ्या, टायर, क्लच जे सापडलं ते वजा. मग सामानाची यादी करा आणि प्रत्येक वस्तूपुढे तुम्ही ती सुटी कितीला घ्याल ते लिहा. माझ्या दुसऱ्या गाडीत अशा यादीत रीळ, पंप आणि दांडा एवढंच उरलं, बाकी सगळ्यापुढे मी शून्य मांडलं. मालक चिडला, आठवड्याने त्याचाच फोन आला. जून ते गणपतीआधी हा काळ घासाघिशीला चांगला, कारण गाड्या उभ्या असतात. गणपतीच्या तोंडावर चाकरमानी येणार म्हणून घराघरात साफसफाई सुरू होते, तेव्हा कोणी भाव सोडत नाही.

विसार कमी द्या, बाकी बँकेतून. ताबा पावतीवर तारीख आणि वेळ दोन्ही घाला, म्हणजे कालचं चलन कोणाचं यावर वाद होत नाही.

पहिला आठवडा

काम घेऊ नका. ऑईल, फिल्टर, ब्रेकनळ्या. चेसिस धुऊन, दोन दिवस उन्हात सुकवून मग कोटिंग. ओल्यावर मारलं तर गंज आत कोंडतो. किनाऱ्यावरच्या कामाहून आलात की गाडीखाली गोड्या पाण्याची नळी मारायची सवय पोराला आत्तापासून लावा.

दुसऱ्या गाडीवर आलेली मोठी टाकी मी विकली आणि २५० लिटरच्या दोन बसवल्या, एक केबिनला टेकून, एक मागच्या ॲक्सलवर. मध्ये एक कॉक आहे. आधी मागची रिकामी करायची, मग पुढची, म्हणजे परतीच्या वाटेवर उरलेलं पाणी पुढे राहतं. कॉकवर लाल रंगाने बाण काढलाय, कारण माझा मदतनीस दोनदा उलटा फिरवून बसला.